परत न ओतलेलं पाणी

२३ मे १९८२, रविवार

जरीना आली. गोव्याच्या बसमधून उतरून आधी माझ्याकडे, मग बापाकडे. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात लाकडी खोका. अख्खा घाट तो खोका मांडीवर धरून बसली होती म्हणे. आत बरण्या, बरण्यांत समुद्राचं पाणी.

मल्लव्वा भांडी घासता घासता म्हणाली, "यव्वा! लोक गोव्यास्नं काजू आणत्यात, हिनं पाणी आणलं. आमच्या तळ्यात काय कमी हाय व्हय?"

"तळ्यातलं खारट नाही, मल्लव्वा."

"मग मीठ टाक की चिमूटभर!"

तिघी हसलो. घरात असं हसू बऱ्याच दिवसांनी झालं. सून बाळंतपणाला चंदगडला माहेरी गेल्यापासून घर मुकं झालं होतं.

मी मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत होते तेव्हा जरीना पहिल्या बाकावर बसून मला प्रश्नांनी बेजार करायची. आता समुद्रातल्या जंतूंवर संशोधन करते. तिचा बाप मीरासाब आमच्या मळ्याला लागून असलेल्या बसवतळ्यात मासे धरतो. होडी नाही त्याच्याकडे. गुऱ्हाळातल्या जुन्या काहिलीत, गुळाच्या त्या मोठ्या कढईत बसतो, एका हाताने पाणी मारतो, दुसऱ्याने जाळं सोडतो. बायको गेल्यावर पोरीलाही त्याच काहिलीत बसवून वाढवलं.

कोल्हापूरची हद्द आमच्या मळ्यापर्यंत आली तरी तळं अजून गावाचंच आहे. पायऱ्यांवर दगडी बसवण्णा, खाली धुणी, बैल, पोरं. यंदा पाणी फार खोल गेलंय आणि वर हिरवं पीठ सांडल्यासारखी साय धरलीय. जरीनाने ती बोटावर घेतली, हुंगली, आणि तिचे डोळे असे चमकले की मला पहिल्या बाकावरची पोर दिसली.

संध्याकाळी भरमा जेवायला आला तेव्हा ती ओसरीवर होती. तो ताट उचलून आत गेला. त्याचा बाप, माझा भाऊ रुद्राप्पा, गेला तेव्हा हा सात वर्षांचा होता. तेव्हापासून मीच त्याची आई. अजूनही परक्या बाईसमोर जेवायला लाजतो. गेल्या साली तळ्यातल्या मासेमारीचा लिलाव मीरासाबकडे गेला, याला हवा होता, तेव्हापासून जरा गप्पही असतो. जाईल ते.

२५ मे, मंगळवार

पितळी सूक्ष्मदर्शक माळ्यावरून काढला. बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेटनी परत मायदेशी जाताना मला दिला होता. त्याच्या पेटीला अजून त्यांच्या साबणाचा वास येतो, निदान मला तरी येतो. आम्हा मुलींना घेऊन त्या ओढ्यावर जायच्या, बाटलीत पाणी घ्यायच्या, दिवसभर बघायच्या, आणि संध्याकाळी ते पाणी त्याच ओढ्यात परत ओतायला लावायच्या. "उसनं घेतलंय, दानम्मा. त्यात जीव आहेत." त्या क्रूस करायच्या, मी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावायची. एवढी वर्षं झाली, पण बघितलेलं पाणी मोरीत ओतायला माझा हात अजून धजत नाही.

साय भिंगाखाली ठेवली. एका बुळबुळीत पिशवीत मोहरीसारखे गोळेच गोळे. शेवाळाची एक जात.

"टीचर, तुम्ही शिकवलं होतं, समुद्रातली हिरवी धूळ बारके मासे खातात, त्यांना मोठे मासे खातात."

"मग? चुकलं का माझं?"

"अर्धंच होतं ते. पुष्कळशी धूळ कुणाच्या तोंडी लागतच नाही, असं मला वाटतं. विषाणू येऊन चिकटतो. आपलं बी आत सोडतो. मग तिचं स्वतःचं काम बंद. ती फक्त त्याची पोरं जन्माला घालते. अंगात मावेनाशी झाली की फुटते. तिच्यातलं सगळं पाण्यात सांडतं, ते जंतू चाटतात, आणि त्या जंतूंनाही त्यांचे विषाणू गाठतात."

"आणि हे रोज?"

"रोज. आत्ता, आपण बोलतोय तेव्हासुद्धा. अख्ख्या समुद्रात. आमचे सर हसतात, म्हणतात मोजून दाखव."

मला वेंगुर्ल्याची सहल आठवली. अंधार पडल्यावर लाटा निळ्या पेटल्या होत्या आणि सिस्टर झगा वर धरून लहान मुलीसारख्या त्यांत नाचल्या होत्या. त्या उजेडातसुद्धा ही कापाकापी चालू होती तर. मी म्हटलं, "देवाने इतकी कत्तल कशाला मांडली असेल गं?"

"ती थांबली तर समुद्र चिखल होईल, टीचर."

शेवाळाच्या अंगात काहीतरी असतं, आणखीही ती काहीबाही सांगत होती, पण मी भिंगात बघत होते. एक गोळा होता आणि मग नव्हता. डोळ्यातलं पाणी असेल.

२८ मे, शुक्रवार

भरमा दुपारी आला तो उजव्या हाताची बोटं फुटलेली, सदऱ्यावर रक्त. तळ्यावर जाळी बांधतात त्या मेढीवर हात आपटला म्हणाला. हळद भरली, पट्टी बांधली. इतका मोठा झाला तरी हळद झोंबली की ओठ दुमडतो, तसाच.

संध्याकाळी मीरासाब दिसला. कान सुजून वांग्यासारखा झालेला, डोळ्याखाली काळं. विचारलं तर हसला, "काहिलीत पाय घसरला बाई. म्हातारा झालो न्हवं का."

दोघांचे अपघात एकाच दिवशी. वळवाआधीची हवाच अशी असते, माणसाचं लक्ष थाऱ्यावर नसतं.

१ जून, मंगळवार

जरीनाने गेले काही दिवस दोन बरण्या उन्हात ठेवल्या होत्या. दोन्हींत तळ्याचं हिरवं पाणी. एकीत तिने पायऱ्यांजवळचं पाणी तिच्या बारीक गाळणीतून, जंतूही अडकतील आणि फक्त विषाणू पार होतील अशा गाळणीतून, गाळून घातलं होतं. ती बरणी आज सकाळी चहासारखी झाली. हिरवा दाणा उरला नाही. दुसरी तशीच हिरवीगार.

मी टाळ्या वाजवल्या. ती मात्र हसली नाही. मला घेऊन तळ्यावर गेली. बसवण्णाच्या पायऱ्यांपाशी पाणी तांबूस झालं होतं, आणि तो तांबूसपणा आत पसरत होता.

"टीचर, सगळं तळं असं फुटणार. चार-पाच दिवसांत. फुटलं की जनावरं पाण्यावर घालू देऊ नका. माणसांनी तर तोंडातसुद्धा घ्यायचं नाही. मी बाटली घेऊन आजच परत जाते, तिथे उंदरांवर बघते. पाच-सहा दिवसांत येते. अब्बांना सांगितलंय, पण त्यांचं कोण ऐकणार?"

"माझं ऐकतील."

बरण्यांतलं उरलेलं पाणी मी नेहमीसारखं परत तळ्यात ओतलं. गुंडू आपली बैलं घेऊन आला होता. ओरडला, "काय वतताय टीचरबाई?"

"तळ्याचंच पाणी तळ्याला, गुंडू!"

"मग काढलंसा कशाला?" म्हणून हसत गेला.

दुपारच्या जेवणाला भरमाला सगळं सांगितलं. बरण्या, गाळणी, आम्ही पाणी कसं परत ओतलं, जरीनाचा निरोप. इतकं मन लावून तो माझं कधी ऐकत नाही. घास हातात धरून दोनदा विचारलं, "म्हंजे बैलं मरतील, आत्ती?"

"ते मला नीट कळलं नाही रे. पाणी नासेल, मासे गुदमरतील, असं काहीतरी. पण रविवारी बेंदूर आहे, सगळी बैलं धुवायला उतरतील. तू घरोघर सांग."

"सांगतो की. तू कशाला उन्हाची फिरतीस."

किती हलकं वाटलं. मल्लव्वाला सांगितलं तर ती म्हणाली, "बेंदराला बैल तळ्यावर न्हाय न्यायचा, मग काय नळाखाली बसवायचा?" पण भरमाचं ऐकतील लोक.

६ जून, रविवार. कर्नाटकी बेंदूर

सकाळी

पहाटेच तळ्यावर गेले. सगळं पाणी उघडं, तांबूस. साय गेली. मासे पोटं वर करून काठाला लागलेले, काही अजून तोंड वासून हवा ओढत होते. एक बरणी भरून घेतली. परत येताना आमच्या विहिरीवर भरमा आपली बैलं धूत होता. म्हणाला, तळ्यावर गर्दी फार, यंदा इथंच. शिंगांना तांबडा हिंगूळ, अंगावर झूल, फार देखणी दिसताहेत. पुरण शिजतंय.

दुपारी

जमेल तसं लिहिते.

भरमाच्या बोलण्यानेही लोक थांबले नाहीत वाटतं. सगळी बैलं तळ्यावर गेली, धुतली, प्याली. परत येता येता गुंडूचा हरण्या वेशीत बसला. झूल अंगावर, शिंगांना गोंडे. आधी दात खाल्ले, मग मागचे पाय ताणले, मग मान अशी मागे गेली की रंगवलेलं शिंग रस्त्याच्या खडीत रुतलं. गुंडूने आधी त्याला गोंजारलं, मग आसूड घेतला. "ऊठ! ऊठ म्हंतो न्हवं! आज सण हाय रं तुझा!" फटका बसला की कातडी थरथरायची, एवढंच. नाकातून रक्त आलं. मग गुंडूने आसूड टाकला आणि रस्त्यातला धोंडा उचलून स्वतःच्या कपाळावर मारून घेतला, पुन्हा मारला, पुन्हा. त्याची बायको पाय धरून ओरडत होती.

मग मागून येणाऱ्या सयाजीची खोंडं. मग वरच्या आळीत आरडाओरडा. कुणाचा बैल दावं तोडून पळाला आणि घराच्या भिंतीवर धडका देत मेला. गल्लीतून पळताना मी एका शिंगाला अडखळले. हिंगूळ अजून ओला होता, माझ्या लुगड्याला लागला. रक्त की हिंगूळ, आता सांगता येत नाही.

कुणीतरी म्हणालं, एंड्रीन. मासे झटपट वर यावेत म्हणून तळ्यात हे फवारणीचं विष टाकतात, कुठे कुठे टाकतातही. झालं. गुंडू रक्ताळलेल्या तोंडाने म्हणाला, "मंगळवारी बाटलीतनं काय तर वतताना मी बघितलंय. जरीना हुती."

"आणि मी होते," मी म्हटलं. "ओतलं मीच!"

भरमा मध्ये आला. "आत्तीचं नाव कुणी घ्यायचं न्हाय. ती भोळी हाय. बाटली कुणाची हुती ते इचारा."

माझ्यासाठी सगळ्या गावासमोर उभा राहिला पोरगा. आमची बैलं तेवढी वाचली. बसवण्णाची कृपा.

७ जून, सोमवार

सकाळी मल्लव्वा धावत आली. "टीचरबाई, मीरासाबला धरलाय!"

मी गेले तेव्हा जाळी पेटली होती. नायलॉनचा काळा धूर. काहील पालथी घालून पहारीने ठोकत होते, तळाला भोकं पडली तरी ठोकतच होते. जरीनाच्या खोलीतली पुस्तकं तळ्यात फेकलेली. मीरासाबला बसवण्णाजवळच्या दगडी खांबाला, बैल बांधतात त्याला, हात मागे ओढून बांधलं होतं. दात तुटलेले. दाढी तांबडी. एकजण मारून दमला की दुसरा पुढे. काहींच्या हातात बेंदराचे नवे आसूड होते. ते रंगीत गोंड्यांचे आसूड मी दर वर्षी मुलींना चित्रात काढायला लावायची.

मला ओळखून तो म्हणाला, "बाई, तुमी तर सांगा."

मी ओरडले. आयुष्यात वर्गाबाहेर कधी इतक्या मोठ्यांदा बोलले नसेन. "सोडा त्याला! पाण्यात विष नाही! कुणी काही टाकलं नाही! शेवाळ मेलंय नुसतं, शेवाळाला रोग आला! विष नाही त्या पाण्यात!"

क्षणभर सगळे थांबले. मला वाटलं, जिंकले.

मग भरमा शांतपणे म्हणाला, "ऐकलासा न्हवं? टीचरबाई शिकलेल्या हायत. त्या म्हंत्यात इख न्हाय. मग पिऊ दे की ह्यानं."

"व्हय, पाजा! पाजा!"

दोर सोडून त्याला पायऱ्यांवर आणलं. सयाजीने त्याच्या दंडांवर गुडघे रोवले. गुंडूने नाक धरलं. भरमाने तांब्या बुडवला, काठाला जिथे तो तांबडा फेस जाड होऊन लागला होता तिथे. ओतला. मीरासाब खोकला, ओकला, पुन्हा ओतला. दातांवर तांब्याची कड आपटल्याचा आवाज अजून कानात आहे. पोट फुगेपर्यंत. त्याचे पाय पायऱ्यांवर घासत होते, टाचांची सालं निघाली.

मी भरमाच्या हातातून तांब्या ओढून घेतला. "मी पिते! बघा, मी पिते, मग तरी सोडाल?" ओठांना लावला तोच भरमाने असा तडाखा दिला की तांब्या पार पाण्यात जाऊन पडला. माझं मनगट सुजलंय. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतक्या वेड्या गर्दीतसुद्धा माझी काळजी. मी त्याला रागावूही शकले नाही, रडतच बसले.

पोलिसांची जीप आली तेव्हा काठावर कुणी नव्हतं. मीरासाब आणि मी. माझ्या मांडीवर त्याचं डोकं. मला म्हणाला, "काहील फुटली काय ओ?"

८ जून, मंगळवार

सरकारी दवाखाना. रक्ताच्या उलट्या. डॉक्टर म्हणतात माराने. गोव्याला तार केली.

१० जून, गुरुवार

मीरासाबचे डोळे हळदीसारखे झालेत, अंगही. माराने माणूस असा पिवळा होतो का? डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, आधीची कावीळ असेल. नव्हती. मी त्याला रोज बघत होते.

जरीना आली. बापाच्या उशाशी बसली. नाकातून येणारं रक्त ओढणीने टिपत राहिली.

१२ जून, शनिवार

मीरासाब सकाळी गेला. शेवटी कुणाला ओळखत नव्हता, हाताने पाणी मारल्यासारखं करत होता. काहिलीत असल्यासारखा.

व्हरांड्यात जरीनाने मला विचारलं, "टीचर, पाणी पाजायचं कुणाच्या डोक्यात आलं? कुणी म्हणालं त्यात विष नाही?"

"मी म्हणाले."

ओरडली असती तर बरं झालं असतं. वर्गात मी मठ्ठ मुलीला समजावायची तशा आवाजात म्हणाली, "विष कुणी टाकलं नव्हतं, टीचर. पण विष होतं. तुम्हाला सांगितलं होतं की. ते त्या शेवाळाच्या स्वतःच्या अंगात असतं. जिवंत आहे तोवर आतच राहतं. विषाणूंनी ते फोडलं आणि सगळं पाण्यात सांडलं. आमचे उंदीर मेले. यकृतं रक्ताने काळी झालेली. मी तेच सांगायला येत होते."

मी भिंगात बघत होते. ती सांगत होती तेव्हा मी भिंगात बघत होते.

"मी दोन शब्द कमी बोलले असते तर," मी म्हटलं.

"मारलंच असतं त्यांनी," ती म्हणाली. "पण कदाचित मारून थांबले असते."

१५ जून, मंगळवार

कुणी साक्ष देत नाही. फौजदार घरोघर फिरले. सगळी दारं आतून लावलेली. गुंडू म्हणे तेव्हा मेलेला बैल ओढायला गेलता. सयाजी म्हणे तालमीत हुता. भरमाने मलाही समजावलं, "आत्ती, तुला भवळ आलती. तू काय बघितलं न्हाईस." मला भवळ आली नव्हती. पण तो म्हणतो तर आली असेल, असं आज दुपारपर्यंत मी स्वतःला सांगत होते.

चंदगडहून निरोप आला, सुनेला मुलगा झाला. भरमाने पेढे आणले. तळ्याचा लिलाव आता नव्याने निघणार, त्याने अर्ज दिलाय, तेही आजच सांगितलं. पेढा माझ्या हातात तसाच राहिला.

मल्लव्वाने पेढा घेतला नाही. भांडी घासत होती. राखेचा हात थांबवून म्हणाली, "एक इचारू का? रागवू नका. तुमच्या भरमानं आपली बैलं तळ्यावर का न्हाय आणली?"

"गर्दी होती म्हणून."

"दर बेंदराला पुढं त्याचीच जोडी असती की. गर्दी त्याच्यामागं असती."

"त्याने सगळ्यांना सांगितलं होतं, कुणी ऐकलं नाही."

"कुणाला सांगितलं? मला तुमी सांगितलं, त्यानं न्हाय. गुंडूला न्हाय. माज्या जावयाचा बैल मेला, त्याला न्हाय. इचारलं मी दारोदार. कुण्णाकुण्णाला न्हाय सांगितलं, टीचरबाई."

ती पुन्हा घासायला लागली. मी भिंतीला टेकून उभी राहिले. तो घास हातात धरून बसलेला, दोनदा विचारणारा, "म्हंजे बैलं मरतील?" विहिरीवरची हिंगूळ लावलेली जोडी. आणि तो तडाखा. गावाला वाटत होतं पाण्यात एंड्रीन आहे, मला वाटत होतं काहीच नाही. नेमकं काय आहे ते त्या सगळ्या गर्दीत एकट्या त्यालाच ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं. आणि तांब्या माझ्या ओठांना लागला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला.

लहानपणी तापात तो माझ्या ओंजळीतूनच पाणी प्यायचा. पेल्यातून दिलं तर तोंड फिरवायचा.

१७ जून, गुरुवार

सकाळी जरीनाला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. बेंदराच्या पहाटे भरलेली बरणी कपाटावर तशीच होती. त्या गोंधळात परत ओतायची राहून गेली होती. लाखेने तोंड बंद करून नेली.

फौजदार तरुण आहेत. बरणी उजेडात धरून म्हणाले, "यात काय दिसतंय?"

"काही दिसत नाही," मी म्हटलं. "तपासायला पाठवा. जरीना सांगेल कशासाठी तपासायचं ते."

"हे परत मिळणार नाही, बाई."

"नको परत."

मग सगळं सांगितलं, बघितलं त्या क्रमाने. सयाजीचे गुडघे, गुंडूचा हात. तांब्या कुणाच्या हातात होता ते सांगताना पूर्ण नाव सांगितलं, शाळेच्या दाखल्यावर मी घातलं होतं तसं. भरमाप्पा रुद्राप्पा. आणि बेंदराआधीच्या मंगळवारी त्याला मी काय सांगितलं होतं, तेही.

"तुमचे कोण?"

"मी वाढवलाय."

त्यांनी पेन थांबवलं. "विचार करून सही करा."

सही केली. जरीना बाहेर बाकावर बसली होती. मी शेजारी बसले, तेव्हा तिने माझं सुजलेलं मनगट आपल्या मांडीवर घेतलं.

घरी येऊन भाकरी केल्या. वांग्याचं भरीत, त्याला आवडतं तसं, शेंगदाण्याचं कूट घालून. भरमा बाराच्या सुमाराला आला, हातपाय धुऊन पाटावर बसला. पोराच्या बारशाचं बोलत होता. नाव रुद्राप्पाच ठेवायचं म्हणाला, आज्जाचं. मी वाढलं. जीप मळ्याच्या रस्त्याला वळल्याचा आवाज आला तेव्हा त्याचा अर्धा घास हातात होता.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घेतली नाही.

फौजदार दारात आले. मी म्हटलं, "त्याचं जेवण होऊ द्या."

ते उंबऱ्याबाहेर थांबले. मी तांब्याभर पाणी भरमाच्या पुढ्यात ठेवलं. ठसका लागला होता त्याला. तांब्या उचलला, तोंडापर्यंत नेला, आतल्या पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि न पिता तसाच खाली ठेवला.

पाणी आमच्या विहिरीचंच होतं.